बंद डेपोतले आठ दिवस

आदला दिवस

पेट्रोलचा कॅन आणि सॅम्पलच्या बाटल्या एका गाडीत ठेवायच्या नाहीत. आमच्या कामातला हा पहिला धडा. नव्या पोरांना तो मी इतकी वर्षं घोकवून घेते, आणि या दौऱ्यात तो मोडला तो मीच. ते सातव्या दिवशी घडलं, तेव्हा त्याबद्दल तिथेच सांगते.

काम असं होतं: वाहनांचा एक डेपो अकरा वर्षांपूर्वी बंद पडला. जमिनीखालच्या इंधनाच्या टाक्या तशाच राहिल्या. आता ती जागा दुसऱ्या कामासाठी हवी आहे, तेव्हा खाली काय मुरलंय, किती खोल गेलंय आणि भूजलाबरोबर कुठवर पोचलंय ते शोधायचं. आम्ही चौघं: मी, माझ्या हाताखालचा एक वर्षाचा अनुभव असलेला मुलगा, ड्रिलरकाका आणि त्यांचा मदतनीस.

निघण्याआधीची संध्याकाळ कागदांत गेली. मूळ आराखड्यात तीन टाक्या होत्या, दोन डिझेलच्या आणि एक पेट्रोलची. जुनं हवाई छायाचित्रही मिळालं. त्यात डेपोच्या जागी मोकळं रान होतं आणि ओढा उत्तरेकडून मोठं वळण घेऊन गेलेला दिसत होता. आज तो पूर्वेला, कुंपणाला समांतर, पट्टीने आखल्यासारखा सरळ वाहतो. ‘ओढा वळवलेला दिसतो’ एवढं वहीत लिहिलं आणि पान उलटलं.

सामान भरताना मुलाला मार्कर काढून ठेवायला लावला. काही मार्करच्या शाईत टोल्युइन आणि झायलीन असतं, आणि आम्ही पाण्यात शोधणार तेही तेच. लेबलं लिहायला साधं बॉलपेन. अत्तर नको, डास पळवायचं मलम नको. तो म्हणाला, “मॅडम, मग डास?” लांब बाह्यांचा शर्ट घाल म्हटलं.

पहिला दिवस

सहा तासांच्या प्रवासानंतर दुपारी पोचलो. फाटकाचं कुलूप गंजून एक झालेलं, ते कापावं लागलं. आत डांबराला भेगा, भेगांतून गवत, कार्यशाळेचं छप्पर अर्धं उडालेलं. वास काहीच नाही. नवख्याला वाटतं की आत पाऊल टाकताच पेट्रोलचा भपकारा येईल. अकरा वर्षांत वरचा थर उडून गेलेला असतो. खालचा तसाच राहतो.

इथे पूर्वी इंधनाचा हिशेब ठेवणारे एक गृहस्थ आम्हाला भेटायला मुद्दाम आले. अशा माणसाशी तासभर बोलणं दोन बोअरच्या तोडीचं असतं, असं माझं मत आहे. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाशी उभं राहून ते सांगत होते. रोज सकाळी डिप रॉड टाकायचा, ओली खूण बघायची, वहीत आकडा लिहायचा.

“रोज आठ-दहा लिटर कमी भरायचं.”

“मग काय लिहायचात?”

“उन्हानं उडालं.”

रोजचे आठ लिटर म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन हजार लिटर. एवढं ऊन जमिनीखालच्या टाकीला लागत नाही. मग त्यांनी हातानेच रॉड सोडल्याचा अभिनय केला आणि म्हणाले, “तळाला टेकला की ठक्क असा आवाज यायचा.” तो ठक्क ऐकून मी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. पोलादी टाकी कुठे भोक पडून गळते, तर पुष्कळदा नेमकी भरण्याच्या नळीखाली. रॉडचं टोक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटतं, तिथला गंजाचा थर रोज खरवडला जातो, खालचं कोरं लोखंड पुन्हा गंजतं. म्हणून पुढे टाक्यांत त्या जागी जादा जाड पत्रा बसवायला लागले. या टाकीला तो असेल असं वाटत नव्हतं.

नंतर ओढ्यावर गेलो. काठच्या डबक्यावर इंद्रधनुषी तवंग होता आणि आमचा मुलगा हरखला. “मॅडम, इथपर्यंत आलंय!” मी त्याच्या हातात काडी दिली आणि तवंग मोडायला सांगितलं. काडी फिरवली तसे त्याचे फुटलेल्या काचेसारखे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच वेगवेगळे तरंगत राहिले. पेट्रोल-डिझेलचा तवंग असा तुटत नाही, तो काडीमागे पुन्हा जुळून येतो. हा लोह खाणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा होता. मुलाचा चेहरा पडला. तरी डबक्याचं सॅम्पल यादीत घातलंच, काडीवर अहवाल लिहिता येत नाही.

उत्तरेच्या भिंतीपलीकडे एक घर आहे. तिथल्या आजी भिंतीवरूनच बोलल्या.

“बाई, विहिरीच्या पाण्याला वास मारतो. रॉकेलसारखा. रोज नाही, मधूनमधून.”

“पिता का ते पाणी?”

“दुसरं कुठलं पिणार?”

तपासणी होईपर्यंत हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही नको, आणि अंघोळीसाठी बंद न्हाणीत तापवू नका, गरम केलं की पेट्रोलमधलं विषारी बेंझिन आधी वाफेत जातं, असं मी त्यांना सांगितलं. आमच्याकडच्या पिण्याच्या पाण्याचे कॅन त्यांना दिले आणि त्या घराला पाण्याची सोय करा म्हणून काम देणाऱ्यांना त्याच संध्याकाळी कळवलं. इथवर ठीक. पण रात्री वहीत मी लिहिलं: ‘विहीर टाक्यांपासून अंदाजे ९० मीटर उत्तरेला, जमीन तिथे किंचित उंच. बहुधा संबंध नाही.’ जमिनीचा उतार पूर्वेला ओढ्याकडे आहे, तेव्हा पाणीही तिकडेच जाणार, हे मी मनातच ठरवून टाकलं होतं.

दुसरा दिवस

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. जमिनीखालचे पाइप आणि वायर शोधणं हे काम कंटाळवाणं, आणि ते टाळलं की जिवावर बेततं. ग्राउंड रडारची गाडी मागेपुढे ढकलत दिवस गेला. आराखड्यात नसलेली एक लोखंडी नळी टाक्यांपासून जनरेटरच्या खोलीकडे जाताना सापडली. प्रत्येक बोअरच्या जागी पहिला दीड मीटर खड्डा हाताने खणला. मदतनीस वैतागला. चौथ्या खड्ड्यात एक जुनी केबल निघाली तेव्हा गप्प झाला.

तिसरा दिवस

पहिला बोअर पेट्रोलच्या टाकीशेजारी. यंत्राजवळ ज्वलनशील वायूचा मीटर टांगला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून न जाता खड्ड्यात साचते आणि हवेत साधारण १.४ टक्के झाली की ठिणगीची वाट बघते. मीटरने त्या मर्यादेच्या दहाव्या भागापर्यंत मजल मारली की काम थांबवायचं, हे सगळ्यांना दोनदा सांगून झालं. काका म्हणाले, “तिसऱ्यांदा सांगा, मग सुरू करतो.”

आमचं यंत्र माती भरडत नाही. पोकळ नळी ठोकत खाली नेतं, आणि आतल्या पारदर्शक प्लास्टिकच्या लायनरमध्ये माती जशी आहे तशी वर येते. दीड मीटरचा लायनर टेबलावर ठेवायचा, दोन समांतर पात्यांच्या चाकूने वरची पट्टी उभी चिरायची, की जमीन आडवी पडलेली दिसते. पहिला तुकडा म्हणजे भराव: विटांचे तुकडे, खडी, तांबूस माती. दुसऱ्यात तपकिरी गाळमाती. तिसरा उघडला आणि मुलाने मान मागे घेतली.

३.३ मीटरपर्यंत तपकिरी असलेली माती तिथून एकदम करडी-हिरवट झाली होती, बुरशी धरल्यासारखी. बोटांत चोळली (हातमोज्यातच) तर वाळू मऊ, थोडी बुळबुळीत. वास ताज्या पेट्रोलचा नव्हता, त्याला एक आंबूस, जुनाट झाक होती. हा रंग तेलाचा नाही. जिवाणू तेल खाताना भोवतालचा ऑक्सिजन संपवतात, मग मातीला तपकिरी-तांबूस रंग देणाऱ्या गंजावर, म्हणजे लोहावर ताव मारतात, आणि तो रंग निघून जातो. करडा पट्टा ४.८ मीटरपर्यंत होता. त्याखाली पुन्हा तपकिरी.

पाणी लागलं चार मीटरच्या आसपास. मग तेल पाण्याच्या खालीही पाऊण मीटर कसं? तेल हलकं, ते पाण्यावर तरंगायला हवं. तरंगतंच. पण पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे खालीवर होते, आणि तेल तिच्यासोबत चढत-उतरत जाताना प्रत्येक कणाला थोडं थोडं चिकटून मागे राहतं. दुधाचं पातेलं हेलकावत नेलं की कडेला साय लागते, तसं. या माखलेल्या पट्ट्यातच बहुतेक माल अडकलेला असतो, आणि वरचं तेल उपसून काढलं तरी पाणी वर्षानुवर्षं खराब होत राहतं ते याच्यामुळे.

लायनर चिरला की घड्याळ सुरू. बेंझिन उडायला वेळ लागत नाही. मुलाने छोट्या सिरिंजसारख्या नळीने पाच ग्रॅम माती टोचून काढली आणि सरळ मिथेनॉलच्या बाटलीत सोडली. मिथेनॉल ती वाफ धरून ठेवतं. उरलेल्या मातीतून दर अर्ध्या मीटरला एक पिशवी अर्धी भरायची, तोंड बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि पीआयडीची, म्हणजे वाफ मोजणाऱ्या उपकरणाची, सुई आत खुपसायची. या उपकरणात अतिनील दिवा असतो, तो वाफेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतो आणि जो प्रवाह येतो तो आकड्यात दिसतो. आमचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, बेंझिनला ९.२४ पुरतात, म्हणून ते सापडतं. मिथेनला १२.६ लागतात, ते या दिव्याला दिसतच नाही, म्हणूनच स्फोटाचा मीटर वेगळा लागतो.

एक मीटरला २ पीपीएम (म्हणजे दहा लाखांत दोन भाग), दोनला ११, ३.५ ला ६४०, ४.२ ला ११५०, ५.२ ला ९. असा पोट सुटलेला आलेख निघाला. डिझेलच्या टाकीजवळच्या बोअरमध्ये मात्र नाक फाटेल असा वास आणि पीआयडीवर जेमतेम ७०. मुलगा उपकरण बिघडलं म्हणून ते झटकायला लागला. बिघडलं नव्हतं. डिझेल जड, त्याची वाफ कमी निघते. फक्त पीआयडीवर विसंबून डिझेलची जागा ‘स्वच्छ’ ठरवलेले अहवाल मी वाचलेत.

चौथा दिवस

निरीक्षण विहिरी. म्हणजे ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, खालच्या भागाला बारीक चिरा, भोवती चाळलेली वाळू, वर बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या) गोळ्यांचा बूच, त्यावर सिमेंट. पाइप आट्यांनीच जोडायचे, चिकटवायचे नाहीत, कारण त्या गोंदातली द्रावणं नंतर पाण्याच्या अहवालात उगवतात. आणि चिरांचा भाग पाण्याच्या पातळीच्या वरही पाहिजे आणि खालीही. तो सगळा पाण्याखाली गेला तर वर तरंगणाऱ्या तेलाला आत यायला वाटच राहत नाही आणि तेलाच्या तळ्यात उभी असलेली विहीर स्वच्छ दिसते. एका जुन्या जागेवर हे मी पाहिलेलं आहे, पुन्हा बघायची इच्छा नाही.

चार विहिरी ठरल्या होत्या. पहिली नैऋत्येला फाटकाजवळ, दुसरी टाक्यांपाशी, तिसरी पूर्वेला ओढ्याच्या बाजूला. तिन्ही मुख्यतः गाळमाती आणि बारीक वाळूत. चौथी उत्तरेच्या भिंतीजवळ, खरं तर आजींची समजूत घालायला. तिथे साडेतीन मीटरवर यंत्राचा सूर बदलला. काकांनी हात वर केला.

“मॅडम, गोटे लागतायत.”

लायनरमध्ये गोल गुळगुळीत खडे आणि भरड वाळू. यंत्राने फोडलेले दगड असे नसतात, हे पाण्याने घासलेले होते. वहीत खोली लिहिली, फोटो काढला. आणि दुपारी वळवासारखा पाऊस आला म्हणून टेबल, पिशव्या, कागद वाचवायला धावलो, त्यात तो विचार पुढे गेलाच नाही.

पाचवा दिवस

विहिरी धुण्याचा दिवस. पाइपात दट्ट्या वरखाली करायचा, गढूळ पाणी काढायचं, पुन्हा दट्ट्या. सकाळी चहाच्या रंगाचं असलेलं पाणी दुपारी उशिरा नितळ झालं. काढलेलं सगळं पाणी पिंपात, एक थेंबही गवतावर नाही. विहीर धुतल्यावर आठवडाभर शांत ठेवावी असं माझं मत. आम्हाला दोन दिवस मिळणार होते. तसं अहवालात लिहिलंय.

दट्ट्या मारता मारता मुलाने विचारलं की हे सगळं तसंच सोडलं तर काय होईल. प्रश्न वाटतो तितका आळशी नाही. १९७९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. जमेल तेवढं काढलं, उरलेलं जमिनीत राहिलं. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी त्या जागेची प्रयोगशाळा केली आणि दशकानुदशकं ती मोजत आले. तेलातली विरघळणारी द्रव्यं जिवाणू खातात, आधी ऑक्सिजन वापरून, मग नायट्रेट, लोह, सल्फेट, आणि शेवटी मिथेन सोडत. म्हणून भूजलातला डाग कायम पसरतच राहत नाही, एका टप्प्यावर खाण्याचा आणि पुरवठ्याचा वेग जुळतो. पण मधल्या अंतरात विहीर असली तर तिला या समतोलाचा काही उपयोग नाही. मुलगा भिंतीकडे बघून म्हणाला, “आजींची.” मी म्हटलं, त्या बाजूला पाणी जातच नसावं. नसावं म्हटलं, एवढीच माझी जमेची बाजू.

संध्याकाळी इंटरफेस मीटर सोडला. टेपच्या टोकाला शोधक, तेलाला टेकलं की सलग शिट्टी, पाण्याला टेकलं की तुटक पीप पीप. दुसऱ्या विहिरीत टेप उतरवली आणि सलग शिट्टी सुरू झाली. टेप खाली जात राहिली, शिट्टी थांबेना. ४२ सेंटीमीटरनंतर पीप. बेलरने, म्हणजे दोरीला बांधलेल्या पोकळ नळीने, थोडं काढून काचेच्या नळीत धरलं: वर फिकट पिवळा थर, खाली पाणी, मधली रेघ अगदी धारदार.

मुलगा लगेच हिशेब मांडायला बसला, ४२ सेंटीमीटर गुणिले एवढं क्षेत्रफळ. त्याला थांबवलं. विहिरीतली जाडी जमिनीतली नसते. मातीत तेल आणि पाणी एकाच छिद्रात दाटीवाटीने बसतात, मोकळ्या पाइपात तेल ऐसपैस साचतं. शिवाय पातळी उतरली की पाइपातली जाडी वाढते, चढली की घटते, जमिनीतलं तेल तेवढंच असून. या आकड्यावरून टँकरचा अंदाज बांधणारे पुढे तोंडघशी पडतात.

सहावा दिवस

माझा आवडता दिवस. लेव्हल लावून चारही पाइपांच्या तोंडांची उंची मोजली, फाटकाच्या दगडाला १०० मीटर धरून. मग पाण्याच्या खोल्या वजा केल्या आणि गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून आकडे लिहिले. पहिली विहीर ९६.१०. दुसरी ९५.७०. तिसरी ९६.०४. चौथी ९५.७८.

मुलाने समपातळीच्या रेषा काढल्या आणि बाण काढायला गेला तर सगळे बाण टाक्यांकडे वळले. चारी बाजूंनी पाणी टाक्यांच्या खाली येऊन गडप होतंय. त्याने खोडून पुन्हा काढलं, पुन्हा तेच. “मॅडम, खाली भोक आहे का?”

भोक नव्हतं. दुसऱ्या विहिरीत पाण्यावर ४२ सेंटीमीटर तेल बसलं होतं आणि त्याच्या वजनाने पाणी पाइपात खाली दबलं होतं. या तेलाची घनता पाण्याच्या पाऊणपट, म्हणजे ४२ सेंटीमीटर तेल साडेएकतीस सेंटीमीटर पाण्याइतकं जड. ते परत मिळवलं की ९५.७० चे ९६.०२ होतात. रेषा पुन्हा काढल्या.

या वेळी बाण सरळ निघाले. पहिलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून चौथीकडे. उत्तरेला. ओढ्याकडची तिसरी विहीर टाक्यांपेक्षा दोन सेंटीमीटर उंचच होती. ओढा जमिनीतून पाणी घेत नव्हता, जमिनीला देत होता.

मी गाडीतून ते हवाई छायाचित्र काढलं. उत्तरेचं ते मोठं वळण. चौथ्या विहिरीतले गोल गोटे. ओढा वळवला, जुनं पात्र बुजवलं, वर जमीन सपाट झाली. खालच्या खड्यांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि पाण्याला गाळातून वाट काढण्यापेक्षा ती जुनी वाट सोपी होती. गेले पाच दिवस हे सगळं माझ्याच वहीत तीन वेगवेगळ्या पानांवर पडलेलं होतं.

पहिल्या दिवसाचं पान उघडून ‘बहुधा संबंध नाही’ वर एक रेघ मारली, खाडाखोड न करता, खालचं वाचता येईल अशी. बाजूला तारीख आणि सही. आमच्या वहीत चूक पुसायची नसते.

दुपारी चौथ्या विहिरीत एक भरीव दांडा झपकन बुडवून पाणी किती वेगाने पूर्वपदाला येतं ते मोजलं. त्यावरून जमिनीची पाझरक्षमता निघाली दिवसाला सुमारे पाच मीटर. फ्रान्समधल्या दिजों शहरात आंरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून जो नियम काढला आणि १८५६ मध्ये छापला, तोच आम्ही बॉनेटवर वापरला. दुसऱ्या आणि चौथ्या विहिरीत अंतर ६० मीटर, पातळीतला फरक २४ सेंटीमीटर, म्हणजे उतार ०.००४. पाच गुणिले तो, भागिले सच्छिद्रता ०.२५. उत्तर: दिवसाला ८ सेंटीमीटर, वर्षाला २९ मीटर. आजींची विहीर ९० मीटरवर. बेंझिन मातीला थोडं अडखळत पाण्यामागून येतं, वाटेत खाल्लंही जातं. पण अकरा वर्षं आणि त्याआधीची ‘उन्हानं उडालं’वाली वर्षं, वेळ भरपूर होता.

सातवा दिवस

पाण्याची सॅम्पलं. पूर्वी बेलर खळाखळा बुडवून पाणी काढत, त्यात गाळ ढवळतो आणि वाफही उडते. आता ब्लॅडर पंप विहिरीत सोडायचा आणि मिनिटाला पाव लिटरच्या आसपास, पातळी जवळजवळ न हलवता, पाणी वर आणायचं. नळीवर सामू, विद्युतवाहकता, ऑक्सिजन, गढूळपणा सतत मोजायचा आणि आकडे तीन वेळा लागोपाठ जागेवर राहिले की मगच बाटली. चौथ्या विहिरीत ऑक्सिजन लिटरला ०.३ मिलिग्रॅम, जवळपास शून्य. चाचणीच्या नळीत विरघळलेल्या लोहाचा गडद नारिंगी रंग चढला. कुजक्या अंड्याचा हलका वास. प्रयोगशाळेच्या आधीच पाण्याने सांगून टाकलं होतं की इथे जिवाणूंची पंगत बसलीय.

बाटली भरणं बघण्यासारखं असतं. ४० मिलिलिटरची काचेची कुपी, तळाला आम्लाचे थेंब, कारण जिवाणूंनी वाटेतच बेंझिन खाऊ नये. कुपी तिरकी धरून पाणी काठावरून सोडायचं, फुगीर होईपर्यंत, मग झाकण लावून उलटी करायची आणि बोटाने टिचकी. बुडबुडा वर आला तर कुपी बाद. मुलाचा हात आता बसला होता, सहातल्या एकीतच बुडबुडा निघाला.

आणि इथे माझा पराक्रम. पंपाला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा जनरेटर थांबला. घाई होती. दुसरी गाडी काकांनी फाटकाबाहेर नेलेली, म्हणून सकाळीच पेट्रोलचा कॅन मी आमच्या गाडीत, मागच्या फळीवर ठेवला होता. मी टाकी भरली, हातमोजे बदलले, कामाला लागले. अर्ध्या तासाने मुलगा पीआयडी शून्यावर आहे का बघत गाडीजवळून गेला आणि थांबला.

“मॅडम, इथे चार दाखवतंय.”

उपकरण कुप्यांच्या पेटीवर होतं. कॅनचं झाकण अर्ध्या आट्यावर, पेटी त्याच्यापासून दोन हातांवर आणि तिचं झाकण उघडं. भरलेल्या कुप्या, रिकाम्या कुप्या आणि प्रयोगशाळेने दिलेली शुद्ध पाण्याची सीलबंद साक्षीदार कुपी, सगळ्या त्या वाफेत. ती साक्षीदार कुपी प्रवासभर सोबत असते ती यासाठीच: तिच्यात पेट्रोल निघालं तर बाकीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवू नये.

मुलगा हळूच म्हणाला, “चारच पीपीएम आहे.” दयाळू पोरगं आहे. पण आम्ही पाण्यात अब्जात पाच-दहा भाग शोधत होतो. चौथ्या विहिरीत काही निघालं तर ते जमिनीतलं की माझ्या कॅनमधलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पूर्ण पेटी बाद केली, घडलं ते वेळेसकट वहीत लिहिलं आणि काम देणाऱ्यांना फोन करून एक दिवस वाढवून मागितला. पलीकडून बरंच ऐकून घेतलं. त्यात गैर काही नव्हतं.

आठवा दिवस

राखीव पेटी काकांच्या गाडीत होती, सीलबंद. जनरेटर आता वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीस मीटरवर, आणि त्याला हात लावायचा फक्त मदतनिसाने. पहिली, तिसरी, चौथी विहीर पुन्हा. दुसरीतून पाण्याचं सॅम्पल घेतलं नाही. तेलाच्या थराखालचं पाणी तेल लागल्याशिवाय वर येत नाही, तिथलं तेलच वेगळ्या पेटीत घेतलं, त्यात शिसंही तपासायला सांगितलं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत, ते निघालं तर गळती फार जुनी.

सगळ्यात शेवटी आजींची विहीर. त्या काठावर उभ्या राहून बघत होत्या.

“एवढ्याशा बाटलीत काय कळणार?”

“तेवढी पुरते, आजी.”

“आणि वाईट निघालं तर?”

“तर हे पाणी कुठून बिघडलं ते कागदावर येईल. मग टाकी काढणं, तेल उपसणं, तुम्हाला दुसरं पाणी देणं, हे त्यांना टाळता येणार नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. दोराला गाठ मारलेली होती ती सोडून पुन्हा मारली.

बर्फाच्या पेटीत कुप्या, वर हस्तांतराचा कागद: कुणी घेतलं, किती वाजता, कुणाच्या हाती दिलं. संध्याकाळी पाच चाळीसला प्रयोगशाळेच्या माणसाने सही केली.

निकाल दोन आठवड्यांनी आले. साक्षीदार कुपी कोरी. डबक्यात काही नाही, काडी बरोबर होती. पहिली आणि तिसरी विहीर स्वच्छ. चौथीत बेंझिन लिटरला ८६० मायक्रोग्रॅम. आजींच्या विहिरीत १४. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा १० आहे. तेलात शिसंही होतं.

अहवालासाठी डाग नकाशावर काढायला घेतला तेव्हा आजींची विहीर कागदाच्या कडेवर आली, आणि चौदाची रेषा तिच्यापाशी संपत नव्हती. मुलाने दुसरा कागद आणून वरच्या बाजूला टेपने जोडला. त्या कोऱ्या भागावर आम्ही पुढच्या फेरीतल्या तीन विहिरींच्या जागा पेन्सिलने मांडल्या, जुन्या ओढ्याच्या वळणावर.